खालचं नाव

ओव्हरसियर मोटरसायकलवरून उतरला नाही. एक पाय जमिनीला टेकवून, इंजिन चालू ठेवूनच त्याने विचारलं, "नवा दगड पोचला ना रे?"

"पोचला," दादा म्हणाला.

"मग इथे जुन्यापुढे काय ठिय्या दिलायस?"

दादा जुन्या खांबापुढे उकिडवा बसला होता. ओल्या फडक्याने एकेक अक्षर पुसून त्यात खडू भरत होता, म्हणजे ओळी नीट दिसाव्यात आणि मापं घेता यावीत. मी सुतळीचं दुसरं टोक धरून उभी होते. आमच्या आजोबांनी घडवलेला हा खांब. आसपासच्या गावांतून लढाईवर गेलेले आणि परत न आलेले जे कोणी, त्यांची नावं त्याच्यावर. रस्ता रुंद होणार म्हणून तो हलवायचा होता, पण हलवण्याइतका जीव त्याच्यात राहिला नव्हता. पावसाच्या बाजूने त्याचे पापुद्रे सुटत होते. म्हणून शाळेच्या बाजूला विटांचा नवा चौथरा आणि लांबून मागवलेला काळा गुळगुळीत दगड. त्यावर नावं काढायचं काम दादाला मिळालं होतं, तेही शहरातल्या मशीनवाल्याकडे रांग होती म्हणून. खाणीत क्रशर बसल्यापासून टाकी-हातोड्याचं दुसरं काम त्याच्याकडे आलंच नव्हतं.

"एक लक्षात ठेव," ओव्हरसियर म्हणाला. "खालचं नाव घ्यायचं नाही."

दादाचा खडू थांबला. "का?"

"वरच्या सगळ्यांच्या घरून कोणी ना कोणी येऊन सही करून गेलं. ह्याचं कोणी आलं नाही. फौजेकडेही ह्या नावाचा माणूस सापडत नाही. मग उगीच कशाला?"

"बाबांनी सांगितलंय, ते घ्यायचंच."

"तुझे बाबा म्हणजे सरकार आहेत का?" असं म्हणून तो हसला, आणि मग त्याला आठवलं. त्याने इंजिन बंद केलं. "म्हणजे... तसं नाही." थोडा वेळ तो आरशावरची धूळ बोटाने पुसत राहिला. "हे बघ, शनिवारी मी येतो. तोवर कोणीतरी आणा, जो सांगेल की हा शिपाई होता, आमचा होता. सही करू दे. मग काढ खुशाल. नाहीतर वरच्या नावांवर थांबायचं."

तो गेल्यावर दादाने खालच्या नावातही खडू भरला. बाकीच्या नावांपासून ते हातभर खाली होतं, जमिनीला जवळजवळ टेकलेलं. इतकं उथळ की खडू त्यात धरेना.

बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. शेवटी शेवटी ते आडवे होऊ शकत नव्हते. वळकटीवर छाती टेकून बसायचे, आणि विहिरीतून जड बादली ओढावी तसा एकेक श्वास ओढून काढायचे. डॉक्टरने छातीचा फोटो उजेडापुढे धरून दाखवला होता. जन्मभर नाकातोंडातून गेलेला दगड आत पांढरा होऊन बसला होता. काही बोलायचं तर बाबा आधी मनाशीच शब्द कमी करून घ्यायचे. हे काम दादाला मिळाल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"खालचं नाव," ते म्हणाले. मग श्वास. "खोल घे."

"खोल म्हणजे किती?"

बाबांनी अंगठ्याचं वरचं पेर दाखवलं. इतकं खोल कोणी कोरत नाही.

"कोण हो तो?" मी विचारलं.

त्यांनी हात हलवला, नंतर सांगतो अशा अर्थाने.

खांबाकडून आम्ही घरी आलो तेव्हा आई बाबांचे कामाचे कपडे धूत होती. पाणी दर खेपेला करडं निघत होतं आणि ती दर खेपेला बादली ओतून पुन्हा भरत होती.

"निघायचं नाही ते," मी म्हटलं. "राहू दे आता."

"राहू दे कसं? कोणाला द्यायचे झाले तर असे द्यायचे?"

दादाने तिला ओव्हरसियरचं बोलणं सांगितलं. तिने शर्ट पिळला, झटकला.

"आपल्याकडचं कोणी गेलं होतं का गं लढाईवर?" मी विचारलं. "बाबांचा काका, आत्याकडचं कोणी?"

"ह्यांच्या घरात लढाया झाल्या त्या जेवायच्या वेळी," आई म्हणाली. "माझ्या सासऱ्याने टाकी सोडून दुसरं हत्यार धरलं नाही. तुझे बाबा मात्र त्या खांबाजवळून जाताना मान खाली घालून जायचे. मला वाटायचं, बापाच्या हातचं काम म्हणून. विचारलं तर सांगतील का? त्या माणसाच्या तोंडातून शब्द काढायला सुरुंग लावावा लागायचा."

ती हसली, आणि हसता हसता शर्ट हातात धरून तशीच बसून राहिली.

"तू जा चौकशीला," दादा मला म्हणाला. "चार पुस्तकं वाचलीयस. तुला लोकांशी बोलता येतं. मी ओळी आखायला घेतो." बोलता बोलता त्याला खोकला आला. आम्ही दोघींनी एकदम त्याच्याकडे बघितलं.

"काय बघताय? ठसका लागला," तो म्हणाला.

वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेली होती. हे काम सोडशील तेव्हा येईन, धुळीत मुलं ठेवणार नाही, असं सांगून गेली होती. मी शहरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. बाबांसाठी घेतलेली रजा संपली होती आणि मी ती वाढवून घेतली होती. कशासाठी, हे मला कोणी विचारलं नाही ते बरं झालं.

हवालदारांकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. मला आठवतंय तेव्हापासून ते निवृत्तच आहेत, तरी सगळे त्यांना हवालदारच म्हणतात. खांबावर सर्वांत वर त्यांच्या थोरल्या भावाचं नाव आहे. दर वर्षी ठरलेल्या दिवशी ते इस्त्रीचा कोट घालून खांबापुढे उभे राहतात आणि सगळी नावं वाचतात. आम्ही शाळेतून रांगेने जायचो. खालचं नाव ते सगळ्यांत मोठ्याने वाचायचे, हे माझ्या लक्षात होतं.

ते ओट्यावर बसून बुटाला पॉलिश करत होते. एकाच बुटाला. दुसरा पाय गुडघ्याखाली लाकडी होता.

"पाथरवटाची ना गं तू? बस. तुझा बाप गेला तेव्हा यायचं होतं मला. एक पाय दुखतो, एक दुखतच नाही, आणि जो दुखत नाही त्याने चालता येत नाही."

मी कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"तो माझा शिपाई आहे," ते म्हणाले.

"तुमचा?"

"मी शोधलेला. खांब उभा राहिला तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. मग भरती झालो. पहिल्या रजेवर आलो तर खांबाच्या पायथ्याची माती पावसाने वाहून गेलेली, आणि मातीत अर्धं बुडालेलं एक नाव. म्हटलं, माझ्या भावाच्या खाली एक माणूस मातीत तोंड खुपसून पडलाय आणि कोणाला पत्ता नाही? हातांनी उकरलं मी. तेव्हापासून वाचतोय. ह्याचं कोणी ऐकायला येत नाही, म्हणून जरा मोठ्याने."

"चौकशी केली असेल तुम्ही."

"केली नाही? जिथे जिथे गेलो तिथे विचारलं. कोणी म्हणे दुसऱ्या पलटणीतला असेल, कोणी म्हणे खेचरांच्या तुकडीतला. लढाईत अशी माणसं हरवतात." त्यांनी बुटाचं टोक उन्हात धरून पाहिलं. "वारसाची सही मी करतो. मला वारस कोण? त्याला वारस कोण? आम्ही दोघे एकमेकांना पुरे आहोत. पण तो शिपाई होता एवढं मला कोणाकडून तरी कळू दे. ज्याने त्याला पाहिलाय असा माणूस शोध. तेवढ्याशिवाय मी सही करायचो नाही. वर भाऊ आहे माझा."

संध्याकाळी दादा मला खांबाकडे घेऊन गेला. त्याने माझा हात धरून दगडावरून वरून खाली फिरवला. वरचा भाग गुळगुळीत होता, मग एक सरळ रेघ लागली, आणि तिच्या खाली दगड खडबडीत.

"तासकाम इथे संपतं," तो म्हणाला. "ह्याच्या खालचा भाग जमिनीत जायचा असतो. तो कोणी तासत बसत नाही."

"पण नाव तर त्याच्यावर आहे."

"तेच म्हणतोय मी. मातीत जायच्या जागेवर कोणी नाव काढतं का?"

आजोबांच्या वेळचं खाणीतलं एकच माणूस उरलं होतं. घणतात्या. तरणेपणी ते सगळ्यांत मोठा घण उचलायचे म्हणून हे नाव पडलं होतं. आता खाणीच्या तोंडाशी पत्र्याच्या खोपटात राहायचे. शेजारी क्रशर दिवसभर दगड भरडत होता. त्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं. तात्यांना एरवीही येत नव्हतं, त्यामुळे त्यांना त्याचा काही त्रास नव्हता.

"बापासारखीच बारीक आहेस," ते ओरडून म्हणाले. "त्याला टाकी धरायला मी शिकवलं. मरायला माझ्या आधी कुठे शिकला, देव जाणे."

मी दोनदा नाव ओरडून सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला आणि मान हलवली. शेवटी मी खडा घेऊन समोरच्या फरशीवर ते लिहिलं. तात्यांनी ते वाचलं, आणि आपला पंजा त्याच्यावर पालथा ठेवला.

"हा शिपाई नव्हे," ते म्हणाले. "हा ओढणारा."

मी हातानेच विचारलं, म्हणजे काय?

"बाहेरून टोळी यायची. ओंडक्यांवरून दगड ओढणारी माणसं. खांबाचा दगड उतारावर आणला आणि दोर तुटला. हा पुढे होता, ओंडक्याखाली पाचर मारत. दगड थांबला. पण थांबला तो ह्याच्या अंगावर." त्यांनी आपल्या छातीवरून हात आडवा फिरवला. "आमच्यात एक नेम होता. ज्या दगडाने माणूस घेतला, तो त्याचं नाव लागल्याशिवाय खाणीबाहेर जायचा नाही, आणि पुढे कधी फोडायचाही नाही. कोणी दोराला हातच लावायचं नाही. ह्या दगडाची तर तारीख ठरलेली. साहेब यायचा होता. तुझ्या आजोबाने तोड काढली. जमिनीत जायच्या भागावर नाव टाकलं. घाईत, वरवर. नेमही राहिला आणि साहेबालाही दिसायचं नाही."

"मग ते वर कसं राहिलं?" मी खुणेनेच विचारलं.

"खड्ड्यात कातळ लागला की!" तात्यांना हसू यायला लागलं. "कंबरभर खड्डा पाहिजे, गुडघ्याशीच कातळ. सुरुंग लावावा तर दोन्ही अंगांना घरं. जन्म गेला कातळात आमचा, आणि खड्ड्यात तो लागेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! मग काय, नाव राहिलं वर. तुझ्या आजोबाने रातोरात माती लोटली त्याच्यावर. पावसाने ती नेली. आणि तो हवालदार, तेव्हा दोन्ही पाय धड होते त्याचे, त्याने उकरून काढून कडक सलाम ठोकला. तुझा आजोबा घरात कडी लावून बसला."

"सांगितलं का नाही कोणी?"

हे त्यांना ओठांवरून कळलं असावं.

"काय सांगायचं? शिपायांच्या दगडावर हमाल घातला म्हणून? पुन्हा काम मिळालं असतं का?" त्यांनी पंजा उचलला. घामाने नाव पुसट झालं होतं. "आणि बरंही वाटायचं गं. वर्षातून एकदा कोणीतरी मोठ्याने नाव घेतंय त्याचं. आमच्यातल्या बाकीच्यांचं कोण घेतं? तुझा बाप म्हणायचा, तात्या, ते झिजत चाललंय, जाऊन खोल करून येतो. मी म्हणायचो, गप बस."

"त्याच्या घरचं कोणी?"

"बायको होती, पोटुशी. पुढच्या कामावर गेली ती टोळी. कुठे, ते कोण विचारतो?"

घरी मी सगळं सांगितलं. आई भाकऱ्या करत होती. तिने तव्यावरची उलटली आणि म्हणाली, "झालं तर मग. जाऊन सांग, होता शिपाई. तात्यांनी पाहिलाय म्हण. पाहिलाय तर खराच. तात्यांना जाऊन कोण विचारणार? विचारलं तरी ते उत्तर भलत्याच प्रश्नाचं देतील."

"हवालदारांशी खोटं बोलायचं?" मी म्हटलं.

"खोटं म्हणे! तुझ्या बापाने शेवटचा श्वास कशावर खर्च केला? माझं नाव घेतलं का त्याने? तुझं घेतलं? त्या खालच्याचं घेतलं." तिचा आवाज चढला आणि तिथेच फाटला. "मग ते तरी पुरं करा."

दादा भिंतीला टेकून बसला होता. "सांग तू," तो म्हणाला. "मी आखणी त्या नावासकट केलीय."

मी खोटं सांगायचं ठरवूनच गेले होते. वाटेत मनाशी जुळवणीही केली. खेचरांची तुकडी, डोंगरातली वाट.

हवालदारांनी कोट घातला होता. खिशाला पेन. मी लांबून दिसताच ते काठीवर जोर देऊन उभे राहिले.

"मिळाला?"

"मिळाला."

"पाहिलेला माणूस?"

"घणतात्या. त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय."

ते हळूच खाली बसले. "कसा गेला?"

"दगडाखाली."

"डोंगरात. कडा कोसळला असेल. तशी पुष्कळ गेली." त्यांचे डोळे भरून आले होते. घरच्या माणसाची खबर ऐकावी तसे ते पुढे वाकले होते. "हाल झाले का? लगेच गेला?"

हो एवढंच म्हणायचं होतं. बाकीचं सगळं ते स्वतःच सांगत होते. पण ते ज्याच्यासाठी रडत होते तो माणूस कुठेच नव्हता, आणि जो होता तो माझ्या तोंडाशी येऊन उभा होता.

"डोंगरात नाही," मी म्हटलं. "इथेच. आपल्या खाणीच्या उतारावर. खांबाचाच दगड ओढताना."

ते मागे सरले.

"म्हणजे हमाल."

"ओढणारा."

"माझ्या भावाचे पाय बर्फाने काळे पडले होते," हवालदार म्हणाले. "बरोबरच्याने येऊन सांगितलं. त्याचं नाव मला मोठ्याने वाचता यायचं नाही, घशात अडकायचं. आणि ह्याचं मी..." त्यांनी पेन खिशातून काढलं, टोपण घट्ट आहे का बघितलं आणि परत लावलं.

"हवालदारकाका, तोही त्याच दगडापायी गेला. शिपायांच्याच दगडापायी."

"माणसं सगळीकडे मरतात. प्रत्येकाला खांब नसतो. माझा पाय जिथे पडला तिथे आहे का खांब?"

त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं.

"तू मला सांगायला नको होतंस," ते म्हणाले. "मी विचारलं होतं ना तुला, कडा कोसळला का म्हणून? विचारलं होतं ना?"

ते बुटाची नाडी सोडायला वाकले. हात पोचेना. मी पुढे झाले तर त्यांनी न बघताच तळहात आडवा केला.

शनिवारी ओव्हरसियर आला. सही नाही म्हटल्यावर त्याने मान हलवली, त्याला दुसरी अपेक्षाही नव्हती. दादाने वरची नावं संपवली होती. अक्षरं सुरेख आली होती. काळ्या दगडात ती नुकत्याच झालेल्या जखमेसारखी पांढरी दिसत होती.

"ह्याचा जमिनीत किती भाग जाणार?" दादाने विचारलं.

"कुठल्या जमिनीत? अरे, ही फरशी आहे. विटांना पिना मारून बसवायची."

"मग मागच्या अंगाला..."

"मागून टाकी लावलीस तर पुढून तडकेल. जाडी बघ की."

दादाने कडेला अंगठा लावला. दगडाची जाडी वरच्या पेराइतकीच होती.

"आणि जुना फोडून टाका," ओव्हरसियर म्हणाला. "चौथऱ्यात भर लागेल."

"तो फोडायचा नसतो."

"का?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

"बरं, मग क्रशरवर पाठवतो," ओव्हरसियर म्हणाला.

"नको," दादा म्हणाला. "मी फोडतो."

खांब पहारींनी आडवा केला. खाली खरंच कातळ होता, गुडघ्याएवढ्या खड्ड्यात, काळा, ओलसर. दादाने खालच्या नावाच्या वर, चांगलं हातभर अंतर सोडून, पाचरींसाठी भोकं पाडायला घेतली. तेवढा तुकडा अखंड काढायचा आणि चौथऱ्याच्या तळाशी उताणा ठेवायचा, असं त्याने ठरवलं होतं. ऊन कोरडं होतं. वारा धूळ उचलून त्याच्याच तोंडावर मारत होता.

"तोंडाला बांध," आई म्हणाली.

तो टाकी मारत राहिला.

"अरे, तोंडाला बांध म्हणते ना!"

"बांधलं की श्वास पुरत नाही," दादा म्हणाला.

आईच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. दादाच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्याने पाचरी लावल्या आणि घण उचलला. सारख्या घावांनी, घाई न करता, एकेक पाचर आत गेली. बाबांचीच पद्धत. दगड बोलायला लागला की हात आवरायचा, असं ते सांगायचे. दादाने हात आवरला. पण दगड पाचरींच्या रेषेत फुटला नाही. वर्षानुवर्षं पाणी त्या उथळ अक्षरांत मुरलं होतं. चीर तिथून गेली, नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि खालचा भाग कपच्या कपच्या होऊन पडला.

दादा गुडघ्यांवर बसला. त्याने दोन तुकडे उचलून एकमेकांना लावून पाहिले. मधला चुरा नव्हताच, तो वाऱ्याने गेला होता.

"उचल," आई मला म्हणाली. "उचल आता."

आम्ही दोघींनी घमेली भरली. आई स्वतःच्या डोक्यावर कोणाला ओझं देऊ देत नव्हती, एकटीच वाकून उचलत होती. माझ्या घमेल्यात वरच्या बाजूला एका अक्षराची वेलांटी दिसत होती. चौथऱ्यात मी घमेलं ओतलं तेव्हा ती इतर दगडांत कुठे गेली ते कळलं नाही. गवंड्याने वरून सिमेंट ओढलं.

उद्घाटनाला शाळेची मुलं रांगेने आणली होती. दोरी धरून उभी केली होती. साहेब उशिरा आले, लवकर बोलले. पडदा बाजूला झाल्यावर लोक म्हणाले, अक्षर सुरेख आहे, कोणाचं काम? ओव्हरसियरने मागे कुठेतरी हात केला. आम्ही मागे, शाळेच्या भिंतीशी उभे होतो. घणतात्यांना कोणी आणलं नव्हतं.

मग हवालदार पुढे झाले. कोट, बूट, काठी. पहिलं नाव त्यांनी इतकं हळू वाचलं की ते फक्त ओठांवरच दिसलं. मग पुढचं. मग पुढचं. प्रत्येक नावानंतर त्या माणसाच्या घरचे जिथे उभे होते तिथे थोडी हालचाल व्हायची. शेवटचं नाव झालं. हवालदारांनी मान वर केली, खांदे मागे घेतले आणि छाती भरून श्वास घेतला, पुढच्यासाठी, मोठ्याने म्हणायच्यासाठी. ओठ उघडले. त्यांच्यासमोर काळा कोरा दगड होता.

ते तसेच उभे राहिले. मुलंही गप्प होती.

त्या शांततेत दादा खोकला. मग पुन्हा. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या रांगेतली माणसं एकेक करून मागे वळून बघायला लागली, आणि सगळे तो थांबायची वाट बघत उभे राहिले.